नवाचा ताळा

माझ्या सुनेने आजवर एकदाच माझ्यापुढे हात जोडलेत. तेही स्वयंपाकघरात, पिठाने भरलेले.

"अम्मी, ही परीक्षा होईपर्यंत तिला काही शिकवू नका. तुमच्या पाया पडते."

"मी कशाला शिकवू?" मी म्हटलं. "मी सातवी पास बाई. मला काय येतंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बसल्याबसल्या मी नातीला नवाचा ताळा शिकवून टाकला.

म्हातारपणी खोटं बोलू नये म्हणतात. मला विचाराल तर याच वयात ते बोलायची सोय आहे. चेहऱ्यावर एवढ्या सुरकुत्या असतात की खोटं कुठल्या सुरकुतीत लपलंय ते कोणाला सापडत नाही.

आमचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात, चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधोमध. बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी. शनिवार-रविवारी निम्मी माणसं चुकून आत येतात आणि बांगड्यांकडे बघत विचारतात, "शेंगदाण्याची आहे का?" नात शाळा सुटली की थेट इथेच येते. सून एका रिसॉर्टच्या काउंटरवर कामाला आहे, तिची ड्युटी संपेपर्यंत पोरगी माझ्या ताब्यात. म्हणजे सुनेला माझी भीती वाटावी एवढा वेळ आम्हा दोघींकडे असतो.

नात तेव्हा नुकतीच चौथीत गेली होती. तिच्या शाळेने आदल्या वर्षीपासून एक टूम काढली होती: चौथीतली काही मुलं निवडायची, त्यांना गणिताच्या तासाला वरच्या मजल्यावर वेगळं बसवायचं आणि पुढच्या वर्षांचं गणित आत्ताच सुरू करायचं. नाव मोठं होतं, 'प्रगत गणित गट'. मुलं त्याला 'वरचा गट' म्हणायची. निवड परीक्षेवर. संस्थेच्या सगळ्या शाळांना एकच पेपर, एकाच दिवशी. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. तपासणार मशीन. मशीनला कोणाची दया येत नाही, असं मुख्याध्यापिकांनी पालकांना हसत हसत सांगितलं होतं आणि माझी सून तिथूनच फिकी पडून घरी आली होती.

कारण आमची पोरगी हळू. मंद नाही हं, हळू. तिला विचारलं, 'चहात साखर टाकू का?' तर ती आधी चहाकडे बघते, मग साखरेकडे, मग माझ्याकडे, तोवर चहा गार. शाळेचा एकही पेपर तिने वेळेत पुरा केलेला नव्हता. आणि नेमका हिलाच तो वरचा गट हवा होता. तिसरीत असताना एकदा ती वर्गाची हजेरीवही द्यायला वरच्या मजल्यावर गेली होती. तिथे दोन मुलं एका गणितावरून भांडत होती आणि बाई मधे पडत नव्हत्या, नुसत्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. ते तिने घरी येऊन मला तीनदा सांगितलं. "दादी, बाई गप्प होत्या. त्यांना उत्तर माहीत होतं, तरी गप्प होत्या." तिच्या खालच्या वर्गात दर दोन मिनिटांनी 'चला, पुढचं' व्हायचं, आणि पुढचं आलं तरी ही मागच्यातच असायची.

तिला तिथे जायचं होतं. एवढंच होतं सगळं. आणि वाटेत चाळीस गोल आणि एक घड्याळ.

मग मी काय करणार? माझ्याकडे एक हत्यार होतं. माझ्या अब्बांनी दिलेलं. ते आंदर मावळातल्या वाड्या-वस्त्यांवर पायी बांगड्या विकत फिरायचे. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, डोक्यात हिशोब. कागद नाही, पेन्सिल नाही. गुणाकार तोंडी करायचे आणि तो बरोबर आहे की नाही हे नवाच्या ताळ्याने तपासायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शेहेचाळीस गुणिले बत्तीस घ्या. शेहेचाळीसमधले आकडे मिळवा: चार आणि सहा दहा. दहाचे पुन्हा मिळवा: एक. बत्तीसचे तीन आणि दोन, पाच. एक पाचे पाच. हे लक्षात ठेवा. आता उत्तर आलं चौदाशे बहात्तर. एक, चार, सात आणि दोन, झाले चौदा. चौदाचे एक आणि चार, पाच. पाचाला पाच मिळाले, ताळा जमला. नाही जमला तर उत्तर चूक. डोळे झाकून चूक.

"म्हणजे गुणाकार करायचाच नाही?" नातीने विचारलं.

"कशाला करतेस? चार उत्तरं त्यांनी छापून दिलीयेत. ज्याचा ताळा जमत नाही ते खोडायचं. उरेल ते आपलं."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने बघतेय.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जन्मापासूनच अशी शहाणी.

गावच्या शाळेत मी चौथीत होते तेव्हा या ताळ्याच्या जोरावर मी वर्गाची राणी झाले होते. दोन घट्ट वेण्या, नाक वर. कोणी फळ्यावर गुणाकार सोडवला की मी जागेवरून ओरडायची, "चूक!" बिचारा पोरगा पुन्हा करायचा आणि खरंच चूक निघायची. मला गुणाकार करावाच लागायचा नाही. गावात बोलबाला, "ही पोरगी म्हंजी मास्तरांची बी मास्तर हाय." मास्तरांनी चौथीच्या स्कॉलरशिपला शाळेतून एकच नाव पाठवायचं ठरवलं होतं आणि ते माझं होतं. मी तर वडगावला परीक्षेला जाताना कुठला परकर घालायचा इथपर्यंत पोचले होते.

मग दिपोटी आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. त्यांनी एका मुलाला फळ्याशी उभं केलं आणि दिलं हेच, शेहेचाळीस गुणिले बत्तीस. पोरगा घाबरलेला. त्याने उत्तर लिहिलं सतराशे बेचाळीस. साहेबांनी वर्गाला विचारलं, "बरोबर?"

मी मनात ताळा केला. एक, सात, चार, दोन, चौदा. चौदाचे पाच. जमला! उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "बरोबर!"

"नक्की?"

"व्हय! शंभर टक्के!"

साहेबांनी खडू माझ्या हातात दिला. "बाळ, गुणून दाखव."

गुणून दाखवायचं म्हणजे काय ते मी तोवर विसरले होते. फळ्यासमोर उभी राहिले आणि चार वेळा पुसून पाचव्यांदा कसेबसे चौदाशे बहात्तर आले. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते, जणू बाहेर कोणी हत्ती चाललाय. स्कॉलरशिपला माझ्याऐवजी फळ्यावरचा तोच पोरगा गेला. निदान त्याने गुणाकार तरी केला होता.

आणि मी काय केलं असेल? रडले? छे. घरी जाऊन अब्बांना सांगितलं की साहेबांनाच ताळा येत नाही. तीन दिवस मी माझ्या मतावर ठाम होते. माझ्याएवढी आत्मविश्वासाने भरलेली गाढवीण आंदर मावळात त्या साली दुसरी नव्हती.

तर हे हत्यार मी नातीला दिलं. हा किस्सा मात्र दिला नाही. किस्सा सांगितला असता तर हत्यारावरचा विश्वास उडाला असता.

निकाल लागला. तिच्या कागदावर लिहिलं होतं सत्त्याण्णव. मी शेजारच्या चिक्कीवाल्याला सांगितलं, नातीला सत्त्याण्णव टक्के पडले. सून घाईघाईने म्हणाली, "टक्के नाहीत ते अम्मी, शंभर मुलं उभी केली तर ही सत्त्याण्णव मुलांच्या पुढे, असा त्याचा अर्थ." मग मी चिक्कीवाल्याकडे परत गेले आणि सांगितलं की टक्के नाहीत, त्याहून भारी आहे. त्याने पाव किलो चिक्की फुकट दिली. ती मी आणि नातीने खाल्ली. त्या दिवशी मला झोप अशी लागली की काय सांगू.

नात वरच्या मजल्यावर गेली. पण तिथे आधी महिनाभर कच्ची जागा. महिन्यानंतर दुसरा पेपर, त्यात छापील उत्तरं नाहीत, रीत दाखवायची, आणि मग पक्की यादी. हे मला निकालाच्या आनंदात कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, माझ्या तोंडात चिक्की असेल.

पहिल्याच आठवड्यात डायरीत शेरा आला, 'उत्तर बरोबर. रीत नाही.' दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी नुसतं 'रीत?' आणि त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह.

सुनेने डायरी माझ्यासमोर धरली. "अम्मी. खरं सांगा."

"मला काय विचारतेस? माझा चष्मा तरी कुठे—"

"डोक्यावर आहे."

मग कबूल करावं लागलं. सून ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं होतं. ती एवढंच म्हणाली, "ती आतमध्ये गेलीय ती तुमच्या मार्कांवर. आता तिथून खाली पाठवलं तर तिला काय वाटेल, याचा विचार केलात?" आणि कणीक मळायला गेली. त्या दिवशीच्या पोळ्या चिवट झाल्या, तरी मी तीन खाल्ल्या.

मी आयुष्यात बऱ्याच जणांना फसवलंय, नवऱ्याला तर रोज. पण लाज वाटली ती तेव्हा पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी नातीला म्हटलं, "ऐक, तो ताळा विसरून जा. सरळ गुणाकार करायचा, कागदावर, सगळ्या पायऱ्या लिहायच्या."

ती म्हणाली, "गुणाकार मला येतो, दादी."

"मग लिहीत का नाहीस?"

"मी दुसराच विचार करत असते. नवाचाच ताळा का? आठाचा का नाही?"

"असंच असतं ते."

"असंच कसं?"

"माझ्या अब्बांनी सांगितलं म्हणून."

"त्यांना कोणी सांगितलं?"

साठ वर्षं हा ताळा माझ्या बोटांच्या टोकांवर आहे. किती गुणाकार तपासले, किती पोरांना 'चूक' म्हणून खाली बसवलं, आणि एकदाही, खरंच एकदाही, माझ्या मनात आलं नाही की हे का होतं. विहिरीतून पाणी काढावं आणि विहिरीत कधी वाकून बघूच नये, तसं.

ती मात्र वाकली. चार दिवस ती दुकानात नुसती बसून राहायची. वहीवर काही नाही. गिऱ्हाइकं म्हणायची, "मावशे, पोरगी लय गप हाय तुमची. बरं न्हाई का तिला?" मी म्हणायची, "विचार चाललाय." त्या बायका म्हणायच्या, "आगं बया."

पाचव्या दिवशी बाहेर असं धुकं होतं की समोरचं दुकान दिसत नव्हतं. गिऱ्हाईक एकही नाही. नातीने केसांच्या पिनांचा डबा ओढून घेतला. आमच्याकडे दहा पिनांचं एक कार्ड येतं आणि दहा कार्डांचा एक डबा. तिने तीन डबे मांडले, बाजूला पाच कार्डं, आणि दोन सुट्या पिना.

"दादी, किती?"

"तीनशे बावन्न."

"एका कार्डातल्या नऊ विकल्या. किती उरल्या?"

"एक."

"पाच कार्डांतून प्रत्येकी नऊ?"

"पाच उरल्या."

"आता डबा. नऊ-नऊचे गट करून विकायच्या."

मी बोटांवर केलं. अकरा नवे नव्व्याण्णव. "एक उरली."

"तीन डब्यांतून?"

"तीन."

"डब्यांच्या तीन, कार्डांच्या पाच, सुट्या दोन." तिने तिघांवर एकेक बोट ठेवलं. "तीन, पाच, दोन. तीनशे बावन्न." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दादी, आकडेच उरतात."

मी त्या पिनांकडे बघत राहिले. तीन, पाच, दोन. मी हे आकडे साठ वर्षं मिळवत आले होते आणि मला वाटायचं ही अब्बांची जादू आहे. जादू नव्हती. प्रत्येक दहातून नऊ काढले की एक उरतो, प्रत्येक शंभरातूनही एक, हजारातूनही एकच, आणि संख्या लिहिताना आपण तेच तर लिहितो, किती शंभर, किती दहा, किती सुटे. माझ्या हातावरचे केस उभे राहिले. ते तिला दिसू नयेत म्हणून मी बाही खाली ओढली.

मग मी तिला दिपोटींची गोष्ट सांगितली. सगळी. गाढविणीसकट. पोट धरून हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने एक डब्यातली पिन उचलली, एक कार्डातली, आणि माझ्या तळहातावर ठेवल्या.

"यातली डब्यातली कुठली?"

"मला काय कळणार? दोन्ही सारख्याच."

"ताळ्यालापण कळत नाही. म्हणून चौदाशे बहात्तर आणि सतराशे बेचाळीस त्याला एकच वाटतात." आणि मग माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "तुमची चूक नव्हती दादी. तुम्ही फक्त विचारलं नाही."

फक्त! दिपोटींनी नाही केला तेवढा माझा अपमान या शब्दाने झाला, आणि मला तो इतका गोड लागला की मी उठून तिला रिबिनीचं अख्खं रीळ दिलं. तिने ते बाजूला ठेवलं. तिला रिबिनीत रस नव्हता.

मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. आता निमूट पायऱ्या लिहील. पण दोन दिवसांनी आंदर मावळातून एक बाई मुलीला घेऊन आल्या, लग्नाचा हिरवा चुडा भरायला. आमच्याकडे नवरीच्या एका हातात एक बांगडी जास्त भरतात, अकरा आणि दहा. बांगड्या येतात डझनाने, दोऱ्यात बांधलेल्या. मी नवरीचा हात साबणाच्या पाण्याने ओला केला, बोटं दाबून अकरा बांगड्या चढवल्या. दोऱ्यात एक राहिली. ती एक लोंबकळणारी बांगडी नात बघत होती. अशी बघत होती की मला वाटलं तिला ती हवीय.

"दादी," ती म्हणाली, "बांगड्यांना अकराचा ताळा लागेल."

"आता मधे बोलू नको, दुसरा हात भरायचाय."

"डझनातून अकरा गेल्या की एक उरते. बारा डझनांच्या खोक्यातूनपण एकच उरेल." तिचा आवाज बदलला होता. "दादी, कुठल्याही मापाला असंच असणार. मापाहून एकाने कमी."

मला आता पोरीचं ऐकायचं की नवरीचा हात बघायचा? "अशा गोष्टी तोंडाने नाही खऱ्या होत," मी म्हटलं. साठ वर्षांपूर्वी जी नुसत्या तोंडाने 'शंभर टक्के' म्हणाली होती ती मी. "मोजून दाखव."

"तीन खोकी, पाच डझन, सात सुट्या. तीन, पाच, सात, पंधरा. पंधरा म्हणजे एक डझन आणि तीन. एक आणि तीन चार. अकरा-अकराच्या भरल्या तर चार उरतील."

"बघूच."

आणि मी, एक बाई आपल्या मुलीचा अर्धा चुडा भरून समोर बसलेली असताना, माळ्यावरून तीन खोकी काढली, त्यात पाच डझन आणि सात सुट्या टाकल्या, दोरे सोडले आणि अकरा-अकराच्या बांगड्या मोजायला लागले.

"मावशे, आवं काय करताय? दुसरा हात ऱ्हायला की पोरीचा!"

"थांबा हो. जरा थांबा."

"म्हूर्त काय आज न्हाई, पण आमची येष्टी हाय!"

"तुम्हीपण मोजा मग. लवकर होईल."

बाईंनी कपाळाला हात लावला, पण बसल्या मोजायला. नवरीने एका हाताने मोजल्या, दुसरा भरलेला हात वर धरून. सगळ्या दुकानभर अकराचे ढीग. हिरव्यांशेजारी लाल, लालांशेजारी सोनेरी. पंचेचाळीस ढीग झाले. माझ्या हातात उरल्या त्या मी मोजल्या. परत मोजल्या.

चार.

नवरीची आई आधी बोलली. "पोरीला आदुगरच म्हाइत व्हतं?"

"व्हय," मी म्हटलं.

"न मोजता?"

"न मोजता."

बाईंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मी बोटंही मोडू शकले नाही. जन्मभर बांगड्या विकल्या. अब्बांनी विकल्या, त्यांच्या अब्बांनी विकल्या. दोऱ्यातली ती एक उरलेली बांगडी आम्ही सगळ्यांनी रोज पाहिली. ती काय सांगतेय ते कोणाला ऐकू आलं नव्हतं. आणि ते ऐकलं कोणी, तर जिला पेपर वेळेत पुरा करता येत नाही तिने.

त्यांची एसटी चुकली. त्यांना मी बेगडेवाडीपर्यंत जाणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोत बसवलं. तिथे त्यांचे पाहुणे राहतात. दुसरा हात टेम्पो यायच्या आधी भरला, पण त्यात दहाऐवजी अकरा भरल्या गेल्या असाव्यात असा मला अजून संशय आहे.

मग तो दुसरा पेपर झाला. बारा गणितं, दीड तास. आठ दिवसांनी वरच्या गटाच्या मॅडमनी त्यांच्या वर्गात भेटायला बोलावलं. सुनेने सुट्टी काढली. मला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी गेले.

मॅडम तरुण होत्या, सुनेहूनही लहान. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला. बारापैकी सात गणितं सोडवलेली. सातही बरोबर, रीतीसकट. पुढची पाच कोरी.

"यादी गुणांवर लागते," मॅडम म्हणाल्या. "यात ती खाली राहते."

सुनेने मान हलवली. तिला हे येताना रस्त्यातच माहीत होतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. नात माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती, पाय जमिनीला न टेकणारे.

माझ्याच्याने राहवलं नाही. "मॅडम, चूक माझी आहे. पहिल्या पेपराचे मार्क पोरीचे नव्हते, माझे होते. मी तिला युक्ती शिकवली होती."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं तिने. म्हणाली, ही दादींची युक्ती आहे, मला अजून कळलेली नाही."

म्हणजे मी शाळेपासून महिनाभर जे लपवत होते ते ही बया पहिल्या तासाला सांगून मोकळी झाली होती. सुनेने माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला.

मॅडमनी पेपर उलटा केला. मागच्या पानावर, जिथे काही लिहायचं नसतं, तिथे बांगड्या होत्या. पेन्सिलीने काढलेले गोल, डझनाडझनाचे, प्रत्येक डझनातली एक बांगडी बाहेर काढलेली. खाली लिहिलेलं, 'दहा असले तर नऊ. बारा असले तर अकरा. आठ असले तर सात. का ते मागे दाखवलं आहे.' आणि बाण, तो पान उलटून थेट सातव्या गणितात घुसलेला.

"पाच गणितं हिने यासाठी सोडली," मॅडम म्हणाल्या. "मी गणित शिकवते. ताळा मलाही माहीत होता. बारांनी मोजायचं म्हटलं तर अकराचा होईल, हा विचार मी कधी केला नव्हता. परवा घरी मी राजम्याचे दाणे मांडून बसले होते." हे सांगताना त्या लाजल्या. मला त्या तेव्हाच आवडल्या.

मग त्यांनी सांगितलं की यादी गुणांची असली तरी शेवटच्या दोन जागा गटाच्या शिक्षिकेच्या मतावर भरता येतात. त्यातली एक त्यांना हिला द्यायची आहे. पण जबरदस्ती नाही. त्या नातीकडे वळल्या. "पक्कं यायचंय तुला इथे? इथे घड्याळ लावून कमीच काम असतं. गेल्या आठवड्यात आपण एकाच गणितावर चार दिवस होतो. तू विचार करून सांग."

म्हणजे ज्याला मी पळणाऱ्या मुलांचा गट समजत होते तो थांबणाऱ्या मुलांचा निघाला. आणि त्यात शिरायला पोरीला पळायला शिकवलं मी.

नात काही बोलली नाही. ती समोर बघत होती. एक मिनिट गेलं. मला वाटलं, घाबरली. अजून एक मिनिट. मी 'हो म्हण की गं' म्हणायला तोंड उघडलं आणि सुनेने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. मॅडम खुर्चीत बसून होत्या, अजिबात घाई नसल्यासारख्या. आम्ही तीन मोठ्या बायका, एका नऊ वर्षांच्या पोरीच्या गप्प बसण्यापुढे हात बांधून बसलो होतो. आयुष्यात मी इतका वेळ न बोलता बसल्याचं मला आठवत नाही.

"येते," ती शेवटी म्हणाली.

बाहेर जिन्यावर आल्यावर सुनेने डोळे पुसले आणि विचारलं, "एवढा काय विचार करत होतीस गं? जीव गेला आमचा."

"येणार होतेच," ती म्हणाली. "मॅडमच्या मागे फळ्यावर एक गणित होतं. ते बघत होते."

"सुटलं?" मी विचारलं.

"अजून नाही."

आणि ती जिना उतरायला लागली, मान मागे वळवून, नजर वरच्या मजल्याकडे. दोनदा तिची पायरी चुकली. दोन्ही वेळा तिचं दप्तर पकडून मी तिला सावरलं, आणि 'पुढे बघून चाल' हे शब्द जिभेच्या टोकावर आले होते, ते गिळले.